कुत्र्यासकट घर मिळेल का?

मारेगावात किरायाने खोली मिळणे तसे फार अवघड नाही. तालुक्याचे गाव असल्यामुळे तहसील, पंचायत समिती, शाळा, बँका आणि दवाखान्यांच्या निमित्ताने बाहेरगावची माणसे येत-जात असतात. वणी-यवतमाळ रस्त्याच्या आजूबाजूला नवी घरे झाली आहेत. खाली घरमालक आणि वर किरायेदार, नाहीतर पुढे मालकाचे घर आणि मागे टिनाच्या दोन खोल्या, अशी रचना बहुतेक ठिकाणी दिसते.

आम्ही दोघे नोकरीमुळे बदलीवर फिरणारे. येथे बदली झाली तेव्हा वाटले, आठवडाभरात घर मिळेल. प्रत्यक्षात दोन महिने लागले. कारण एकच होते. आमच्यासोबत दोन कुत्रे आहेत. मोती सात वर्षांचा, साधा गावठी. आणि राणी, रस्त्यावरच्या अपघातातून वाचलेली, मागच्या पायाने लंगडणारी.

घर पाहायला गेले की प्रश्नांची ओळ ठरलेली असते. कुठले तुम्ही? आडनाव काय? घरात किती जण? नोकरी कायम की कंत्राटी? मटण-मच्छी करता का? या सगळ्यांतून पार पडलो की आम्हीच सांगायचो, "आमच्याकडे दोन कुत्रे आहेत." तेथे बोलणे संपायचे.

एक काकाजी म्हणाले, "खोली तं खाली हाये, पण कुत्रे नाई चालत आमाले." दुसऱ्या घरी पुढच्या खोलीत कापूस भरतात. भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवायचा, ही या भागातल्या शेतकऱ्याची जुनीच सवय. तेथील वहिनींनी त्या खोलीकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "कुत्रं एकदा कापसात लोळलं की मंग व्यापाऱ्याले काय सांगावं?" तिसऱ्या घराच्या अंगणात तुळशीवृंदावन होते. तेथे आम्हाला काही विचारावेसेच वाटले नाही. चौथ्या ठिकाणी एक भला माणूस कळवळून म्हणाला, "सोडून द्या ना कोणाच्या वावरात. जागलीवाल्याले कामी येतात. जगतात ते."

हे शेवटचे वाक्य आम्हाला फार लागले. कारण हेच वाक्य आम्ही एकदा स्वतः बोललो होतो.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा आम्ही दुसऱ्या तालुक्याच्या गावी होतो. दारात एक काळी कुत्री येऊन बसायची. आधी शिळी भाकर, मग दूध, मग पायरीवर गोणपाट. नाव ठेवले काळी. नाव ठेवले की प्राणी आपला होतो, हे तेव्हा ध्यानात आले नाही. तीन वर्षांनी बदली झाली. नव्या गावच्या घरमालकाने कुत्रा नको म्हटले. आम्ही एकमेकांना समजावले, "ती काही विकत आणलेली नाही. गावाची आहे, गावात जगेल." सामानाची गाडी निघाली तेव्हा ती वेशीपर्यंत मागे धावत आली. पुढे शेजारच्या काकूंनी सांगितले की बरेच दिवस ती आमच्या कुलूप लावलेल्या दारासमोरच बसून होती. दुसरे कोणी टाकलेले खात नव्हती. नंतर दिसली नाही.

त्या वेळी आम्हाला कोणी दोष दिला नाही. देणार तरी कोण? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला भुकेने किंवा तहानेने यातना होतील अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात दंड ठेवला होता दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आम्ही सुटलो असतो. पण मनातला हिशेब तेवढ्यात मिटला नाही.

म्हणून मोती आणि राणी घरात आले तेव्हा आम्ही एकमेकांना शब्द दिला, की आता कोणालाही मागे ठेवायचे नाही. पण शब्द देणे सोपे असते. तो पाळताना प्रश्न पडतो: आमच्या शब्दासाठी दुसऱ्याने आपले घर का द्यावे? आमच्या दयेचा भार घरमालकाने का उचलावा? आणि त्याने नाही म्हटले तर तो निर्दय ठरतो का?

सुरुवातीला आमचा राग घरमालकांवरच होता. तो राग एका आजींनी शांत केला. गावाच्या कडेला त्यांचे जुने घर, मागे दोन खोल्या. यजमान नाहीत. त्या खोल्यांचा किराया हेच त्यांचे महिन्याचे उत्पन्न. कुत्र्यांचे नाव काढताच त्या म्हणाल्या, "नाई बाप्पा. माह्या नातवाले चावलं होतं. पाच सुया दिल्या त्याले. रात्री झोपीतून उठून रडे पोरगं." आम्ही काय बोलणार? कुत्रा चावल्यावर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि लसीचे सगळे डोस वेळेवर घ्यायचे, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हेही तितकेच खरे आहे. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. आजींची भीती ही अंधश्रद्धा नव्हती. ज्या घरात लहान मूल रात्री दचकून उठते, त्या घराला "तुमच्यात भूतदया नाही" असे सांगणे हीच निर्दयता ठरली असती.

मग या प्रश्नात कायदा काय सांगतो? आम्ही शोधले. यवतमाळ जिल्हा ज्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेत येतो, त्याच खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूरच्या मोकाट कुत्र्यांच्या प्रकरणात एक आदेश दिला. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल तर त्यांना रीतसर दत्तक घ्या, घरी न्या, महापालिकेत नोंद करा, असा त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तसा आग्रह धरता येणार नाही असे म्हणून त्या भागाला स्थगिती दिली. आदेश थांबला, पण त्यातला विचार लोकांच्या तोंडी राहिला: "एवढी माया आहे तर घरी घेऊन जा." बोलणे रास्त आहे. आम्ही घरी नेलेच होते. फक्त ते घर आमचे नव्हते. ज्याच्या नावावर सातबारा किंवा घरपट्टी आहे, त्याला घरी नेता येते. किरायेदाराची दया अकरा महिन्यांच्या करारावर उभी असते.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. गृहसंस्थांना बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रहिवासी संघटनांच्या नियमांतील अशी सरसकट बंदी निरर्थक ठरवली. परदेशात कायदे याहून पुढे गेले आहेत. फ्रान्समध्ये ९ जुलै १९७० च्या कायद्याने, राहत्या घरात पाळीव प्राणी ठेवू नये ही करारातील अट रद्दबातल ठरवली. मात्र प्राण्याने घराची नासधूस करू नये आणि शेजाऱ्यांना त्रास देऊ नये, ही मर्यादाही त्यातच घातली. इंग्लंडमध्ये २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने भाडेकरूला पाळीव प्राण्यासाठी परवानगी मागण्याचा हक्क दिला, आणि घरमालकाने सबळ कारण असल्याशिवाय ती नाकारू नये असे ठरवले.

हे वाचून बरे वाटले. पण कायद्याचा कागद घेऊन आम्ही आजींच्या दारात उभे राहणार होतो का? मागच्या दोन खोल्यांसाठी मारेगावात कोणी न्यायालयात जात नाही. आणि ज्या घरात आपण भांडून शिरलो, तेथे आपल्यालाही सुखाने झोप लागत नाही, मग कुत्र्यांना कोठून लागणार? आपल्या संविधानाच्या कलम ५१ क मध्ये १९७६ साली मूलभूत कर्तव्ये घातली गेली. त्यांत सर्व प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही एक कर्तव्य आहे. कर्तव्य हा शब्द महत्त्वाचा आहे. हक्क दुसऱ्याकडे मागायचा असतो, कर्तव्य आपल्या खिशातून द्यायचे असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हाला गरजेचे वाटते. घर नाकारण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव घेऊन ते एका पारशी वसतिगृहात राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. हे त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. त्यांतला एक ख्रिस्ती होता. तो म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. ते नम्र शब्दांतले 'नाही' होते. आपण ख्रिस्ती लोकांनी ही आठवण विसरू नये. माणसाला जन्मावरून, जातीवरून, धर्मावरून घर नाकारणे हे पाप आहे. त्याला कोणतेही सबळ कारण असूच शकत नाही. कुत्र्याचे तसे नाही. कुत्रा नको म्हणायला खरी कारणे असू शकतात, आणि ती ऐकून घेतली पाहिजेत. कुत्र्याला नकार मिळाला म्हणून आपण स्वतःला अन्यायग्रस्त समजू लागलो, तर ज्यांनी खरा अन्याय भोगला त्यांचा तो अपमान होईल.

पण त्या आठवणीत आमच्यासाठी आणखी एक धडा होता. 'विचारून सांगतो' हे उत्तर आम्हालाही पुष्कळ घरांतून मिळाले. त्यांतली काही उत्तरे कुत्र्यांसाठी होती, काही बहुधा आमच्या आडनावासाठी आणि आमच्या स्वयंपाकघरासाठी होती. कुत्र्यांचे निमित्त दोघांनाही सोयीचे पडले. त्यांना खरे कारण सांगावे लागले नाही, आम्हाला ते ऐकावे लागले नाही. खरे सांगायचे तर कुत्र्यांमुळे घर गेले असे मानताना आम्हाला थोडे हायसेच वाटायचे.

खोटेपणाचा मोह आम्हालाही झाला. एका हितचिंतकाने सुचवले, "आधी सामान टाका. महिनाभराने एक कुत्रा आणा, मग दुसरा. एकदा राहायला लागलात की कोण काढते?" असे करणारे पुष्कळ आहेत. एका घरी आम्ही जवळजवळ तसे करायला तयार झालो होतो. ॲडव्हान्सचे पैसे हातात होते. पण मग मनात आले की आपण कुत्र्यांसाठी म्हणून ज्या माणसाला फसवणार, तो पुढच्या दहा किरायेदारांना आमच्यावरून नाही म्हणेल. आपली दया त्याच्या विश्वासावर पोसली जाईल. आम्ही खरे सांगितले आणि ते घर गेले.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातली कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. भाऊ गेले, द्रौपदी गेली, धर्मराज एकटे उरले आणि मागे हस्तिनापुरापासून आलेला एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो की कुत्रा बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. म्हणजे स्वर्गाच्या दारातही तोच प्रश्न होता! ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकली, पण घर शोधताना तिच्यातली एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. युधिष्ठिर इंद्राला निर्दय म्हणत नाही. स्वर्गाचा नियम बदलून मागत नाही. कुत्र्याला शेल्याखाली लपवून आतही नेत नाही. तो एवढेच म्हणतो की जो विश्वासाने माझ्या आश्रयाला आला त्याला मी टाकणार नाही, आणि त्यासाठी स्वर्ग सोडायला तयार होतो. किंमत तो स्वतः मोजतो. कुत्र्याच्या रूपात प्रत्यक्ष धर्मच होता हे त्याला पुढे कळते. किंमत मोजायला तयार झाला तेव्हा त्याच्यासाठी तो नुसता कुत्राच होता.

आपल्या पवित्र शास्त्रातही असा एक कुत्रा आहे. तोबीत या पुस्तकात तरुण तोबिया देवदूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्राही निघतो, आणि परततानाही तो सोबत असतो. त्या कुत्र्याने काही चमत्कार केला असे तेथे लिहिलेले नाही. तो फक्त बरोबर गेला आणि बरोबर आला. शास्त्रकर्त्याला एवढेही नोंदवण्याजोगे वाटले. आम्ही मात्र आमच्या काळीला वेशीवर सोडून आलो होतो.

या विचारात आम्ही पुन्हा आजींकडे गेलो. या वेळी घर मागायला नव्हे. म्हटले, "आजी, तुम्ही नाही म्हणालात ते बरोबरच आहे. पण तुमच्या मनात काय काय भीती आहे ते सांगा. आम्हाला पुढच्या घरी उपयोगी पडेल." त्या हसल्या. मग एकेक सांगू लागल्या. नातू सुट्टीत येतो तेव्हा काय? अंगणात घाण कोण काढील? रात्री भुंकले तर शेजारी मलाच बोलतील. भिंतीचा रंग गेला तर? तुम्ही गेल्यावर वासामुळे दुसरा किरायेदार नाही आला तर मी काय खाऊ?

शेवटच्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. कुत्र्यांबद्दल बोलता बोलता त्या आपल्या भाकरीबद्दल बोलत होत्या. आम्ही घरी जाऊन एका कागदावर उत्तरे लिहिली. दोन्ही कुत्र्यांना रेबीजची लस दिल्याचे दाखले, दरवर्षी नवा दाखला. अंगण रोज सकाळी आम्ही धुवायचे. रात्री कुत्रे आतल्या खोलीत. नातू येईल तितके दिवस कुत्रे त्याच्यासमोर साखळीशिवाय येणार नाहीत. दोन महिन्यांचा किराया जास्तीचा अनामत, आणि जाताना रंगरंगोटी आमच्या खर्चाने. घर सोडल्यावर महिनाभर खोली रिकामी राहिली तर तो किराया त्या अनामतीतून त्यांनी कापून घ्यायचा. आणि तीन महिन्यांनी त्यांनी नको म्हटले तर वाद न घालता जायचे.

आजींना वाचता येत नव्हते. शेजारच्या मुलाने वाचून दाखवले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन मयने पाहू."

ते तीन महिने आता होऊन गेले आहेत. सगळे गोड झाले असे नाही. मोतीने एकदा गेटजवळची झाडाची कुंडी फोडली. ती भरून दिली. एका रात्री दोघे खूप भुंकले आणि सकाळी शेजाऱ्यांची माफी मागावी लागली. दिवाळीत नातू आला तेव्हा दोन दिवस तो आमच्या बाजूला फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी लांबून राणीचा लंगडा पाय पाहून त्याने आजीला विचारले, "तिले दुखते का?" अजून तो तिला हात लावत नाही. लावावा असा आमचा आग्रहही नाही. पुढचे तीन महिने आजी काय ठरवतील, हे त्यांच्यावर आहे. ऑफिस लांब पडते, टिनाखाली उन्हाळा कठीण जाणार, हेही आहेच. पण हे सगळे आमच्या शब्दाची किंमत म्हणून आम्ही धरून चाललो आहोत.

वाचकहो, आपल्यापैकी काही जण घरमालक आहेत, काही किरायेदार. घरमालकांना आमची एवढीच विनंती आहे की 'नाही' म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा. कुत्रा आहे का, एवढ्यावर न थांबता, त्याला लस दिली आहे का, तो कोठे झोपतो, माणसे त्याच्यामागचे साफ करतात का, हे विचारा. मग नाही म्हणालात तरी ते विचारपूर्वक म्हटलेले 'नाही' असेल. आणि कारण कुत्रा नसून माणूसच असेल, तर आपल्या मनाला ते एकदा खरेपणाने विचारून पाहा.

आणि जे कुत्रा पाळू इच्छितात त्यांना: पिल्लू उचलण्याआधी बदलीचा आदेश डोळ्यांसमोर आणा. सामानाची गाडी भरली आहे आणि नव्या गावचा घरमालक नाही म्हणतो आहे, असे समजा. त्या दिवशी आपण काय करू, याचे उत्तर आजच देता येत नसेल, तर दारात आलेल्याला भाकर जरूर घाला, लस टोचून घ्यायला मदत करा, पण त्याला तुम्ही त्याचे घर आहात असे वाटू देऊ नका. आम्ही काळीला तसे वाटू दिले होते. तिच्या दारातल्या त्या दिवसांचा जाब आम्हाला कोठेतरी द्यावा लागणारच आहे. मोती आणि राणी रात्री आतल्या खोलीत झोपतात तेव्हा तिची आठवण हटकून येते.